आईसोबतचे पन्नास तास

२ मे, शनिवार

आईने माझं नाव घातलंच. मला न विचारता. ड्रायव्हिंगचे वर्ग सोमवारपासून, शाळा सुटल्यावर, शाळेच्याच तळघरात. शिकवायला ट्रेव्हारो सर. सहावीत ते आम्हाला सुतारकाम शिकवायचे आणि त्यांच्या उजव्या हाताला चारच बोटं आहेत. आता ते आम्हाला 'सुरक्षितता' शिकवणार.

मला गाडी चालवायची नाही. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या गाडीने बर्फावर गिरक्या घेतल्या, एक नाही, तीन. कुणाला काही झालं नाही. बाबा हसले आणि म्हणाले, "चला, फुकटात झोका मिळाला." मी मात्र त्या दिवशीच ठरवलं होतं की आपण आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसायचं.

"आई, मला भीती वाटते," मी म्हटलं.

"वाटू दे. न घाबरणारेच खड्ड्यात जातात."

"बाबा आले की त्यांच्याकडून शिकते ना."

"बाबा जानेवारीत येणार. तोवर काय?"

"तोवर तू आहेस की."

आई पाव कापत होती. पुढचा काप विटेएवढा जाड निघाला.

बाबा जहाजावर असतात. सरोवरातला बर्फ फुटला की मार्चमध्ये जातात, लोहखनिजाच्या फेऱ्या करतात आणि पुन्हा सगळं गोठलं की जानेवारीत येतात. हजार फुटांच्या जहाजाचं सुकाणू धरणाऱ्याची मुलगी घरच्या शेवरले गाडीला घाबरते, हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे.

२२ मे, शुक्रवार

शिकाऊ लायसन्स मिळालं. लेखी परीक्षेत दोनच चुका.

पण आजची गंमत वेगळीच. काउंटरवर डोळे तपासायचं एक यंत्र आहे, त्यात कपाळ टेकवून अक्षरं वाचायची. मी वाचली. मग काउंटरवरच्या बाईने कडेला दिवे लावले, "दिवा कुठल्या बाजूला लागला ते सांग." सांगितलं. आई माझ्या मागे इतकी चिकटून उभी होती की तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. बाई म्हणाली, "डोळे उत्तम." तर आईने काउंटरवरून हात घालून तिचा हात दाबला आणि दोनदा 'थँक यू' म्हटलं. जणू त्या बाईनेच मला ते डोळे बसवून दिले होते!

लेखी परीक्षेचे मार्क तिने विचारलेसुद्धा नाहीत.

आता नियम असा, की शेजारी मोठं माणूस बसवून पन्नास तास चालवायचं, त्यातले दहा अंधारात. ते सगळं एका वहीत लिहायचं आणि दर वेळी आईने सही करायची. सोळा पूर्ण झाले की चाचणी. माझा वाढदिवस चार डिसेंबरला. आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आत्ताच गोल केलाय. केकसाठी नाही, चाचणीसाठी.

११ जून, गुरुवार

शेजारच्या कापाला काकूंची टपालपेटी पाडली.

खरं तर मी उजवीकडे वळत होते. टपालपेटीही उजवीकडेच होती. आई शेजारी बसली होती, ती काही बोलली नाही. दणका बसल्यावर मात्र म्हणाली, "काय होतं ते?"

"टपालपेटी."

"कुणाची?"

"कापाला काकूंची. तू बघत होतीस ना? ओरडायचं नाहीस का?"

"ओरडले असते तर घाबरली असतीस," आई म्हणाली.

काकू दारात आल्या. मी रडकुंडीला आलेली. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, बिलांशिवाय त्यात काही येतच नव्हतं." संध्याकाळी आईने आणि मी नवा खांब रोवला. खिळे मीच ठोकले. आई म्हणाली, तुझा हात तरणा आहे.

१२ ऑगस्ट, बुधवार

आज मार्केट शहरात गेलो. दोन तास जाताना, दोन तास येताना, सगळं मी! वहीत चार तास. आईची तिथे दाताच्या डॉक्टरांची वेळ होती. तिच्या दातांचं काय चाललंय कोण जाणे, या वर्षातली ही तिसरी खेप. मी बाहेर गाडीत कादंबरी वाचत बसले.

दीड तासाने आली ती मोठा काळा चष्मा लावून. डोळे मिचकावत होती. म्हणाली, "त्यांच्या दिव्याने डोळे दिपले गं." पायऱ्या उतरताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीपर्यंत काढला नाही. आईने असा हात ठेवून किती वर्षं झाली असतील? मी मुद्दाम सावकाश चालले.

परतीच्या वाटेवर ती फारशी बोलली नाही. दाढ दुखत असणार.

७ ऑक्टोबर, बुधवार

नवीन छळ सुरू झाला. आईची वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकघराची पाळी सहाला सुरू होते. इथून अठरा मैल. आता रोज पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी मी तिला घेऊन निघायचं. "अंधारातले दहा तास कधी भरणार?" म्हणे. मग मी आश्रमाच्या जेवणघरात बसून गृहपाठ करायचा आणि साडेसातला चालत शाळेत जायचं. गाडी आईपाशी राहते, ती दोनला उजेडातच घरी जाते. मी शाळेच्या बसने.

"माझ्या वयाची मुलं झोपलेली असतात," मी म्हटलं.

"तुझ्या वयाची मुलं शिकलेली असतात," आई म्हणाली. "तूच मागे राहिलीस."

जेवणघरात बियांकी आजी असतात. वय एक्याण्णव. पहाटे पाचपासून खिडकीशी. आज मला म्हणाल्या, "तूच का ती, गाडी आणतेस ती? लांबून दिवे दिसले की मी ओळखते. बैलगाडी बरी, इतकी हळू येतेस."

"हळू चालवणं चांगलं असतं, आजी."

"हो, मला कुठे घाई आहे? पण तुझ्या मागे दुधाचा ट्रक अडकतो, आणि मला कॉफी दुधाशिवाय लागत नाही."

२१ ऑक्टोबर, बुधवार

हे आधी लिहिते, गृहपाठ नंतर.

आज पहाटे ओढ्याच्या वळणापलीकडे हरणी मधोमध उभी होती. डोळे चमकले, मी ब्रेक दाबला, सगळा नाही, ट्रेव्हारो सरांनी सांगितलं होतं तसा, स्टिअरिंग सरळ ठेवून. गाडी थांबली तेव्हा हरणी आणि बंपर यांच्यात एक खुर्ची मावली असती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि टणाटण उड्या मारत झाडीत गेली. मागून दोन पाडसं.

आणि आई? आई हललीसुद्धा नाही! बाबा असते तर ओरडले असते, मावशी असती तर देवाचं नाव घेत डॅशबोर्डला चिकटली असती. आई शांतपणे समोर बघत होती. मी गाडी थांबवल्यावर म्हणाली, "का थांबलीस?"

"आई! हरणी!"

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला. "गेली का?"

"गेली. पिल्लंही गेली."

"छान थांबवलीस."

तिचा माझ्यावर एवढा विश्वास आहे हे मला माहीतच नव्हतं. आज दिवसभर मी जमिनीवरून दोन बोटं वर चालत होते.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या बँडचा कार्यक्रम होता. मी दुसऱ्या रांगेत, क्लॅरिनेट, मधल्या एका गाण्यात आठ मात्रा एकटीच्या. आई आली नाही. मागच्या वर्षीही आली नव्हती. म्हणाली, डोकं दुखतंय. सगळ्यांच्या आया आल्या होत्या. मला सोडायला कापाला काकू आल्या.

घरी आले तर घरातले सगळे दिवे लखलखत होते, अगदी जिन्यातला आणि कोठीचासुद्धा. आई मला भेटायला पुढे आली आणि दारात काढून ठेवलेल्या माझ्या बुटांना अडखळून धाडकन गुडघ्यावर पडली. मी रागातच होते. म्हटलं, "डोळे आहेत की बटणं?"

हे आमच्या घरात शंभरदा म्हटलं जातं. तीच म्हणते मला. पण आज आई बसल्या जागी बसून राहिली, गुडघा चोळत. मग म्हणाली, "बूट कपाटात ठेवत जा." एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

८ डिसेंबर, मंगळवार

नापास.

चाचणी घ्यायला ओडेट बाई होत्या. लाल लोकरी टोपी, हातात पाटी, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. आधी मैदानात नारिंगी शंकूंमधून गाडी मागे घ्यायची होती. एक शंकू पाडला. तो चालतो म्हणे. मग रस्त्यावर. चौकात डावीकडे वळायचं होतं, समोरून एक गाडी येत होती, फार लांब. मी थांबले. ती गेली. मग दुसरी दिसली, तीही लांब. मी थांबले. ओडेट बाई म्हणाल्या, "ती गाडी अजून पुढच्या गावात आहे." मी घाबरून निघाले, तर तेवढ्यात पादचारी. त्यांनी मधला हँडब्रेक ओढला. संपलं.

"तुला चालवता येतं," त्या शेवटी म्हणाल्या, "पण तू रस्त्याची परवानगी मागत बसतेस. पुन्हा ये."

आई बाहेर बाकावर बसली होती. मी मान हलवली. ती उठली आणि गाडीकडे चालू लागली. घरी येऊन सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायला म्हणून अंगणातल्या खोलीत गेली. तासभर झाला तरी चिमणीतून धूर नाही. मी बघायला गेले, तर आत ती थंड बाकावर बसून रडत होती. हुंदके देऊन.

एका चाचणीसाठी! मी नापास झालेय, मी रडत नाहीये आणि ही रडतेय. इतकी लाज वाटते माझी? नाहीतर मग इतकी घाई झालीय मला घराबाहेर काढायची. मी न बोलता परत आले.

९ डिसेंबर, बुधवार

आईशी बोलत नाही. गाडीत अठरा मैल दोघी मुक्या. बियांकी आजी म्हणाल्या, "आज खीर खारट झालीय. तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं की मिठाच्या डब्यात हात गेला?" मला माहीत नाही, म्हटलं.

१६ डिसेंबर, बुधवार

चूक माझी आहे. आधी तेच लिहिते.

नाताळच्या कार्यक्रमाची तालीम लांबली आणि माझी बस चुकली. कापाला काकूंना विचारता आलं असतं. पण मला आईवर राग काढायचा होता. साडेचारला फोन केला, "येतेस की नाही घ्यायला? बाकीच्यांच्या आया येतात."

तिने किती वाजले ते विचारलं. "येते," म्हणाली.

सव्वापाच झाले. साडेपाच. बाहेर काळोख. शाळेचा शिपाई दिवे मालवायला लागला. फोन लागत नव्हता. मी काचेला नाक लावून उभी होते. सहाला ट्रेव्हारो सरांचा ट्रक आला. शेजारी आई.

तिला काही झालं नाही. काही झालं नाही. काही झालं नाही. तीनदा लिहिलं, आता जरा श्वास घेते.

ओढ्याच्या वळणावर गाडी सरळ गेली आणि बर्फाच्या ढिगात शिरली. ढीग नसता तर खाली ओढा. सर मागून येत होते म्हणून त्यांनी पाहिलं. आईच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि हात बर्फासारखे थंड. मी तिला मिठी मारली. इतक्या दिवसांचा अबोला कुठे गेला कळलंच नाही.

"बर्फावर घसरली," ती म्हणाली.

सर काचेतून बाहेर बघत होते. रस्त्यावर सकाळीच वाळू टाकलेली होती, मी बसमधून येणाऱ्या मुलांकडून ऐकलं होतं. पण घसरायला काय, एक हात बर्फ पुरतो.

१७ डिसेंबर, गुरुवार

सरांनी सकाळी साखळी लावून गाडी ओढून काढली. बंपर तडकला, बाकी ठीक. मी कॉफी घेऊन अंगणात निघाले तेव्हा सर आणि आई गाडीमागे बोलत होते.

"चाकांच्या खुणा बघितल्या मी, मार्लिस," सर म्हणत होते. "घसरल्याची एक खूण नाही. वळलीसच नाहीस तू. सरळ गेलीस."

आई काहीतरी पुटपुटली.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"चाचणी होऊ दे," आई म्हणाली. "तोवर अंधारात चाकाला हात लावणार नाही. शपथ."

मला पाहून सरांनी साखळी गुंडाळायला घेतली. म्हणजे आई चालवताना पेंगली असणार. पहाटे चारला उठते, दिवसभर भट्टीपुढे उभी असते. बाबांना सांगायचं नसेल, ते उगाच काळजी करतील.

सर कप घेत म्हणाले, "काइसा, उद्यापासून रोज चारला मैदानात. फी नको. तुझी आई त्या वेलदोड्याच्या पावातला एक देईल."

"सर, मला जमेल?"

"तू खांबाकडे बघतेस म्हणून खांबावर जातेस. जायचंय तिकडे बघ. या बोटाची शप्पथ," आणि त्यांनी नसलेलं बोट वर केलं.

३० डिसेंबर, बुधवार

आज सलग बारा वेळा शंकूंमधून मागे घेतली. एकही पडला नाही. तेराव्या वेळी सर स्वतः शंकूच्या जागी उभे राहिले. मी म्हटलं, मी नाही घेणार. ते म्हणाले, "घे. माझी अजून नऊ शिल्लक आहेत."

घेतली.

अपघातानंतर आई दुपारी दोनला आश्रमातून एकटीच गाडी घेऊन घरी आली की मला फोन करायची. पोहोचले म्हणून. पूर्वी कधी करायची नाही. सुट्टी आहे म्हणून कालपासून मीच तिला आणायलाही जाते, कापाला काकूंना दोन्ही खेपांना शेजारी बसवून. काकू वाटभर डोळे मिटून असतात.

७ जानेवारी, गुरुवार

पास! पास! पास!

आता नीट लिहिते, कारण आज जे झालं ते मला नीट लिहायचंय.

त्याच ओडेट बाई, तीच लाल टोपी. शंकू सगळे उभे. तोच चौक, तेच डावं वळण. समोरून ट्रक येत होता. मी मनातल्या मनात म्हटलं, वेळ आहे, आणि वळले. बाईंनी पाटीवर काही लिहिलं. मला वाटलं, गेलं. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "आज तू कुणाची परवानगी मागितली नाहीस," आणि सही केली. मी त्यांना मिठी मारायला गेले, पट्टा अजून लावलेलाच होता, मागे ओढली गेले.

आई बाकावरून उठली. मी कागद नाचवला. ती हसली नाही. तिने नुसते डोळे मिटले आणि खूप खोल श्वास सोडला.

तिथून सरळ लायसन्सच्या कचेरीत. मे महिन्यातलीच बाई. फोटो काढला, तात्पुरता कागद हातात दिला. "झालं. अभिनंदन. पुढचे कोण?"

"मी," आई म्हणाली.

तिने पर्समधून स्वतःचं लायसन्स काढलं, काउंटरवर ठेवलं आणि दोन बोटांनी पुढे सरकवलं. "हे परत घ्या."

"मुदत संपली का?"

"नाही. मला आता चालवता येणार नाही. डोळ्यांमुळे. याच्याऐवजी नुसतं ओळखपत्र द्या."

काउंटरवरची बाई थांबली. मीही. माझा कागद हातात तसाच होता. बाईने हळूच विचारलं, "नक्की ना?" आई म्हणाली, "चौदा महिने उशीर झालाय." मग बाईने कार्डाला कोपऱ्यात भोक पाडलं. टक्.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली, पण गाडी काढली नाही. आईनेच सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. अंधार पडला की तिला काहीच दिसत नाही, आणि उजेडातही कडेचं हळूहळू मिटत चाललंय, नळीतून बघावं तसं. मार्केटचे डॉक्टर दाताचे नव्हते. त्यांनी चौदा महिन्यांपूर्वी सांगितलं, रात्री चालवू नका. या गेल्या नोव्हेंबरात सांगितलं, दिवसाही नको. औषध नाही.

"मग चालवत का राहिलीस?"

"सहाला पोहोचायचं कसं? तेवढ्या पहाटे बस नाही. बाबा पाण्यावर. त्यांना सांगितलं असतं तर बोट सोडून घरी आले असते, आणि मग आपण तिघांनी काय करायचं होतं? म्हटलं, काइसा सोळाची होईपर्यंत रेटू."

"आणि ती हरणी?"

"कुठली हरणी होती, मला काय माहीत?" आई म्हणाली. "मला फक्त तुझा ब्रेक कळला."

मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"त्या सगळ्या पहाटे मी तुझ्या शेजारी नुसती बसलेली होते, काइसा. मला काही दिसत नव्हतं. वहीत सही करायचे तीसुद्धा अंदाजाने. लायसन्स तुला आज मिळालं, पण अंधारात तू ऑक्टोबरपासून एकटीच चालवतेयस."

मग मी रडले. आईही. काचेवरचे वायपर उगाचच इकडून तिकडे फिरत होते, माझा हात कधी लागला कोण जाणे.

८ जानेवारी, शुक्रवार

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. मला रागही आलाय. आम्ही मेलो असतो. हरणीला नाही तर दुसऱ्या कुणाला आम्ही मारलं असतं, एखादं पोर रस्त्यात असतं तर? मी सकाळी गाडीत हे तिला बोलले, सगळं. ती म्हणाली, "खरं आहे." तिने एकही सबब सांगितली नाही. "मला रोज तेच स्वप्न पडायचं. गेल्या रात्री पहिल्यांदा नाही पडलं."

मग मी 'बटणं' बद्दल माफी मागितली. तर ती म्हणाली, "त्यात माफी कसली, निदान बटणं घट्ट शिवलेली असतात." आणि हसली. आम्ही दोघी इतक्या हसलो की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

१३ जानेवारी, बुधवार

आई म्हणाली, हा आजार घराण्यातून उतरू शकतो. म्हणून मेमध्ये त्या यंत्रापुढे माझ्या मानेवर तिचा श्वास. आज मार्केटला तिच्या डॉक्टरांकडे मीच गेले, म्हणजे मीच चालवत नेलं, आणि या वेळी आत बसले मी.

थेंब घातले, दिवे लावले, अंधार केला, डोळ्यांपाशी तारा लावल्या. डॉक्टर काही लिहीत बसले आणि आई दाराची मूठ धरून उभी. खोलीत खुर्ची होती, तरी उभीच.

"स्वच्छ," डॉक्टर म्हणाले. "या आजाराचं काहीही लक्षण नाही. दोन वर्षांनी पुन्हा दाखवा, पण आज घरी जाऊन केक खा."

आईने मूठ सोडली आणि सरळ जमिनीवरच बसली. डॉक्टर घाबरून उठले. ती म्हणाली, "पडले नाही हो, बसलेय."

मग लक्षात आलं, थेंबांमुळे मला समोरचं काही धड दिसत नाही! दोन बायका, चार डोळे, आणि गाडी चालवण्यालायक एकही नाही. चार तास खालच्या उपाहारगृहात बसलो. दोघींना काळे चष्मे. बटाटा-सलगमाचं सारण भरलेल्या भाजक्या पेस्ट्या दोन-दोन खाल्ल्या. दर अर्ध्या तासाने आई मला भिंतीवरचा पदार्थांचा फळा वाचायला सांगायची. "आता?" "धूसर." "आता?" "सूपच्या खाली काहीतरी." "आता?" शेवटी मी तळाची बारीक ओळसुद्धा वाचली, 'शिळे पाव अर्ध्या दरात', आणि आम्ही निघालो.

नोकरीचंही ठरलं. आश्रमाच्या व्यवस्थापकांना आईने खरं सांगितलं. स्वयंपाकघर उजळ असतं, तिथे तिला दिसतं. मार्चपासून पाळी आठची. मी शाळेच्या वाटेवर सोडणार.

१७ जानेवारी, रविवार

बाबा आले.

आईने त्यांना फोनवर आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी पावणेसातच्या बसने ते उतरले, खांद्यावर पिशवी, दाढीत बर्फ. त्यांनी आईला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी गाडीशी उभी. मग माझ्यापाशी आले, किल्लीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. पिशवी मागे टाकून मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसले. आई मागे.

बर्फ भुरभुरत होता. मी ताशी पस्तीस मैलांनी चालवत होते. बाबांचे पाय माझ्याबरोबर ब्रेक दाबत होते, मला दिसत होतं, पण तोंडाने ते काही बोलले नाहीत. फक्त ओढ्याच्या वळणानंतर म्हणाले, "हात हलका आहे तुझा." मग आईला काही सांगायला मागे वळले आणि वळलेलेच राहिले.

"काइसा," ते हळू आवाजात म्हणाले, "झोपलीय."

मी आरशात पाहिलं. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, एक हातमोजा अर्धा निघालेला. घोरतसुद्धा होती. अंधारात, धावत्या गाडीत. गेल्या दोन वर्षांत मी आईला गाडीत झोपलेली पाहिलेली नाही.

समोर आमचं घर आलं. ओसरीचा दिवा दिसला. मी वेग कमी केला, बाबांकडे पाहिलं. त्यांनी रेडिओ बंद केला.

मी वळले नाही. सरळ पुढे घेतली, सरोवरापर्यंत.